आप्पांच्या खोलीत बोलायचं नाही

आधीच सांगून टाकते, मला आप्पांचा राग येतो. माणूस नोकरीतून सुटला की त्याच्याबद्दल गोड बोलायची आपल्याकडे पद्धत आहे. शाल, नारळ, 'फार मोठ्या मनाचा माणूस हो'. मला ते जमणार नाही. आप्पा दौंडला धडधाकट आहेत आणि मी हे लिहितेय ते डोकं तापलेलं असतानाच. त्यातला त्यांच्यावरचा राग किती आणि माझा माझ्यावरचा किती, ते मलाही नीट सांगता येत नाही.

आमची कंपनी शिरूरच्या बाहेर, पत्र्याच्या शेडांच्या रांगेत. एका बाजूला गाड्यांचे सुटे भाग करतात, दुसऱ्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी. आम्ही पेशी वाढवतो. जनावरांची औषधं करणारे लोक नमुने पाठवतात, आम्ही ते पेशींवर घालतो आणि पेशी वाढतात की थांबतात ते कळवतो. आमच्या न्हावऱ्यात कोणी विचारलं तर मी 'लॅबमध्ये आहे' एवढंच म्हणते. मग लोक शुगरचे रिपोर्ट वाचायला आणून देतात.

आप्पा तिथले सगळ्यात जुने. मूळचे निमोण्याचे. घर मेंढपाळाचं, आता भाऊ ऊस आणि कांदा करतात. आप्पा स्वतः कॉलेजच्या पहिल्या वर्षाला पुस्तकं ठेवून कामाला लागलेले, आणि मी एम.एस्सी. हे मला पहिल्या दिवशी फार महत्त्वाचं वाटत होतं.

आप्पा कोणालाच नावानं हाक मारत नसत. माणसाचं गाव हेच त्याचं नाव. वॉचमन केंदूरचा, म्हणून तो 'केंदूर'. मी 'न्हावरं'. आमचे मॅनेजर साहेब पुण्याहून गाडीनं यायचे, ते पाठीमागं 'पुनं' आणि तोंडावर काहीच नाही. साहेबांना एक ना एक दिवस हाक मारायची वेळ आलीच तर आप्पा काय म्हणतील, याची आम्ही वाट बघायचो. आप्पा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि बोलायला लागायचे.

सकाळी ते दौंडहून एसटीनं यायचे. मी न्हावऱ्याला चढायचे तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांची डब्याची पिशवी असायची. ती उचलून मला बसवायचे आणि मग शिरूर येईपर्यंत तोंड चालू. कंडक्टरशी भांडण, मोठ्यानं मोबाईल वाजवणाऱ्याशी भांडण, खिडकी उघडणाऱ्याशी आणि बंद करणाऱ्याशीही. मध्येच तंबाखूचा बार. आख्खी एसटी त्यांना ओळखायची आणि निम्मी एसटी त्यांना टरकून होती.

गेटवर मात्र सगळं थांबायचं. तंबाखू थुंकायची, नळावर दोनदा खळखळून चूळ भरायची, साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मास्क लावायचा. पेशींच्या खोलीत शिरले की माणूस मुका. खरंच मुका. खोलीत आप्पा एक शब्द बोलत नसत आणि कोणाला बोलू देत नसत. स्टीलच्या ट्रेवर चिमट्यानं टकटक करायचे. एकदा वाजवलं म्हणजे 'दे'. दोनदा म्हणजे 'झाकण लाव'. तीनदा म्हणजे 'बाहेर हो'.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी आत गेले आणि चांगल्या घरच्या मुलीसारखं म्हणाले, "नमस्कार आप्पा." टक टक टक. मला वाटलं पुढं बोल म्हणतायत, म्हणून आणखी दोन वाक्यं बोलले. आप्पांनी दंडाला धरलं नाही एवढंच, पण हातानं दार दाखवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत आत घेतलं नाही. मी पॅसेजमध्ये उभी. केंदूर गालात हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं.

संध्याकाळी एसटीत मी विचारलंच. "आप्पा, नमस्कार केला तर एवढं काय बिघडलं?"

"तोंडात काय काय राहतंय ठावं हाय का तुला? शब्द निघाला की थेंब उडतोय. दिसत न्हाई म्हंजी न्हाई व्हय? तुझ्या एम.एस्सी.त हे शिकवलं न्हाई?"

शिकवलं होतं. पण ते परीक्षेपुरतं.

बाकीचंही त्यांनीच शिकवलं, आणि तेही एसटीतच, सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल अशा आवाजात. पेशीला दुभंगायचं असलं की आधी आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते. त्याला लागणारे तुकडे ती स्वतः बनवते, पण बाहेरच्या पाण्यात तयार मिळाले तर तेही उचलते. तिच्या अंगाला त्यासाठी खास दारं असतात. थायमिडीन नावाचा तुकडा असाच दारातून आत येतो. आमची सगळी तपासणी त्यावरच उभी. थायमिडीनसारखाच दिसणारा, खूण केलेला एक तुकडा आम्ही पाण्यात टाकायचो. जी पेशी वाढतेय ती तो उचलणार, डीएनएत बसवणार, आणि नंतर रंग घातला की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकणार.

"पण आप्पा, दार आहे तर आत आलेला तुकडा परत बाहेर का जात नाही?" मी मुद्दाम विचारलं, अडचणीत आणायला.

"जातोय की. दार काय एकाच बाजूनं उघडतंय व्हय? पण आत आला की पेशी त्याच्या गळ्यात लोढणं बांधती. फॉस्फेटचं. वढाळ गुराला बांधत्यात तसं. मग त्या दारातनं निघता येत न्हाई. आन् भाईरनं लोढण्यासकट कोन आला तर त्याला आत घेत न्हाईत. आधी उतरव, मग ये."

पुढच्या सीटवरचे एक म्हातारे मागं वळून म्हणाले, "कुनाचं जनावर म्हनायचं हे?"

"तुमच्या आंगातलंच हाय, मामा," आप्पा म्हणाले. म्हाताऱ्यानं उगीच शर्ट झटकला.

मी दोन वर्षं जाडजूड पुस्तकांतून जे पाठ केलं होतं ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं, याचाही मला तेव्हा रागच आला.

साहेबांशी त्यांचं वाजायचं ते सीरमवरून. पेशींना खाऊ म्हणून वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. त्या सीरममध्ये मुळातच थायमिडीन असतं. आप्पा सीरम एका पातळ नळीसारख्या पिशवीत भरायचे, दोन्ही तोंडं बांधायचे आणि थंड खोलीत मिठाच्या पाण्याच्या बादलीत दोन दिवस सोडून द्यायचे. बारीक तुकडे पिशवीतून झिरपून जातात, मोठी प्रथिनं आत राहतात. साहेबांना ते दोन दिवस काट्यासारखे सलायचे.

"आप्पा, सगळीकडे बाटली उघडून थेट वापरतात. तुम्हालाच हे सोहळे कशाला?"

"घरनं पोटभर जेवून आलेल्या मानसाला पंगतीला बसवायचं, आन् तो खात न्हाई म्हून आचाऱ्याला शिव्या द्यायच्या? मला न्हाई जमत."

"क्लायंट वाट बघतोय."

"बघू द्या की."

साहेब हसून निघून जायचे. पण ते हसू मला कधी आवडलं नाही. लक्षात ठेवणाऱ्या माणसाचं हसू होतं ते.

आता त्या पेशींचं सांगायला हवं. आम्ही वापरायचो त्या पेशी आप्पांनी स्वतः तयार केलेल्या होत्या. भावांनी कळप विकला तेव्हा शेवटच्या मेंढरांतलं एक कोकरू मेलं. आप्पांनी त्याची किडनी बर्फात घालून निमोण्याहून शिरूरला आणली आणि त्यातून पेशी वाढवल्या. अशा पेशी काही वेळा दुभंगल्या की थकतात, संपतात. त्यातल्या काही थकल्या नाहीत. का थकल्या नाहीत ते आप्पांनाही माहीत नव्हतं. सोळा वर्षं ते त्यांना दर दोन-तीन दिवसांनी ताजं पाणी देत होते. दिवाळीला, लग्नकार्याला, सख्ख्या भावाच्या दहाव्यालासुद्धा ते आधी शिरूरला येऊन पेशींचं पाणी बदलून मग निमोण्याला गेले. घरचे त्यावरून अजून बोलतात.

"आमच्या घरची मेंढरं संपली," एकदा म्हणाले होते, "एवढी हायती."

त्यांच्या तोंडून मऊ असं ऐकलेलं हे एकच वाक्य. लगेच कंडक्टरवर खेकसले.

आता माझं. दौंडला रेल्वेत कामाला असलेला एक मुलगा होता. आमच्यातला नव्हता. घरी कळलं असतं तर नोकरी, शिरूर, एसटी सगळं त्या दिवशीच बंद. मला त्याच्याशी बोलायचं असायचं आणि बोलायला जागा नव्हती. पुण्यामुंबईच्या लोकांना हे कळणार नाही. न्हावऱ्यात घरात आई, दारात चुलती, डेअरीच्या रस्त्यावर आख्खं गाव. शिरूरच्या स्टँडवर मामाची ओळखीची माणसं. कॅन्टीनमध्ये केंदूर. मुलीला फोनवर एकटीनं दहा मिनिटं बोलता येईल अशी जागा त्या तालुक्यात मला एकच सापडली. आप्पांची खोली. तिथं कोणी येत नाही, आवाज बाहेर जात नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत आप्पा झाडाखाली उभ्यानं भाकरी खात असतात.

कानात इअरफोन घालून मी हातानं काम करत बोलायचे. मास्कमुळे त्याला नीट ऐकू जायचं नाही, मग मास्क हनुवटीखाली. समोर पेशींच्या उघड्या बशा. आम्ही बोलायचो कमी, भांडायचोच जास्त. 'घरी कधी सांगणार' यावरून. भांडताना माणूस हळू बोलत नाही.

एकदा काचेच्या दारावर टक टक टक झालं. आप्पा बाहेर उभे. मी मास्क वर घेतला, पण त्यांनी बघितलं होतं. मी पॅसेजमध्ये आले.

"कोन हाय ते मी इचारत न्हाई," म्हणाले. "लगीन कर न्हाईतर नको करू. पर हितं न्हाई."

"मग कुठं बोलू आप्पा? तुम्हीच सांगा ना जागा."

ते गप्प बसले. खोलीबाहेर त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाले, "पुन्हा न्हाई."

"न्हाई," मी म्हणाले.

आठ दिवस पाळलं. मग पुन्हा सुरू झालं.

दोनतीन महिन्यांनी चमक उतरायला लागली. ज्या बशीत आम्ही कुठलंही औषध घालत नव्हतो, त्या बशीतल्या पेशीही अंधुक. म्हणजे खूण केलेलं थायमिडीन त्या उचलत नव्हत्या. पाणी स्वच्छ, वास नाही, नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर सगळं ठीक. साहेबांना कारण आधीच सापडलं होतं. आप्पांचे हात थरथरतात, आप्पांनी सीरम धुऊन धुऊन निःसत्त्व केलं, आप्पांचं वय झालं.

"पेशी चांगल्या हायत्या," आप्पा म्हणत राहिले. "त्यांच्या म्होरचं ताट दुसरंच कोनतरी उचलतंय."

त्यांनी डीएनएला चमकवणारा एक रंग पेशींना घातला आणि मला बोलावलं. टक. मी डोळा लावला. प्रत्येक पेशीच्या मधोमध तिचा स्वतःचा गोळा चमकत होता. तो असणारच. पण त्याच्या भोवती, जिथं काळोख असायला हवा, तिथं बारीक बारीक ठिपके होते. तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे. मायकोप्लाझ्मा. इतका लहान जंतू की साध्या तपासणीत दिसत नाही, पाणी गढूळ करत नाही, नेहमीच्या प्रतिजैविकाला दाद देत नाही. थायमिडीन पेशीच्या दारापर्यंत जायच्या आत तो ते फोडून टाकतो.

मी डोळा काढला तेव्हा आप्पा माझ्याकडे बघत होते. मास्कवरून फक्त डोळे. दोघांपैकी कोणीच काही वाजवलं नाही.

नमुना पुण्याला गेला. उत्तर आलं, हा जंतू माणसाच्या तोंडात राहणारा आहे.

साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. कागद टेबलावर ठेवला, बोटानं ओळ दाखवली. "माणसाच्या तोंडातून आलाय. आता इथं तंबाखू कोण खातं, ते मी सांगायला नको."

आप्पा भडकतील असं मला वाटलं. ते शांतपणे म्हणाले, "मी खातो. त्या खोलीत सोळा वर्सांत मी तोंड उघडलं न्हाई. हिला इचारा."

आणि माझ्याकडे वळून थांबले.

त्यांना माहीत होतं. दारातून बघितलं होतं त्यांनी. 'हिनं केलंय' असं दोन शब्दांत सांगून मोकळे झाले असते. नाही सांगितलं. मला बोलायला जागा ठेवली आणि वाट बघत बसले. मला राग येतो तो याचा. कोणी सांगितलं होतं त्यांना एवढा भरवसा ठेवायला? मी काय त्यांच्या कळपातली होते?

साहेबांनी विचारलं, "काय गं? आप्पा आत बोलतात? तंबाखू खाऊन जातात?"

मला आई दिसली, चुलती दिसली, सकाळची एसटी दिसली.

"माझं लक्ष नसतं, सर," मी म्हणाले.

एवढंच. खोटंही नाही धड. आप्पांनी माझ्यावरची नजर काढली आणि टेबलावरच्या कागदावर ठेवली. साहेब म्हणाले, निवृत्तीला आठ महिने आहेत, रजा टाका, सन्मानानं निरोप देऊ. सगळ्या पेशी मात्र आजच्या आज नष्ट. गोठवलेल्या कुप्यासुद्धा. मागं एकदा कुप्या गोठवून ठेवायच्या टाकीतला नायट्रोजन आटला होता, त्यामुळं सगळ्या कुप्या गेल्या दोनतीन महिन्यांतच नव्यानं भरलेल्या. म्हणजे सगळ्या बाटलेल्या.

आप्पांनी ते काम दुसऱ्याला करू दिलं नाही. वाफेच्या भांड्यात बशा एकावर एक रचल्या, झाकणाचे स्क्रू आवळले आणि शिट्टी होईपर्यंत तिथंच उभे राहिले. मास्क लावून. वाफेच्या खोलीत मास्क लागत नाही. निरोपाला ते आलेच नाहीत. शाल आणि नारळ दोन आठवडे साहेबांच्या कपाटावर पडून होते, मग नारळ केंदूरनं फोडला. त्याचा तुकडा मलाही दिला आणि मी तो खाल्ला.

ज्याच्यासाठी तोंड उघडलं होतं त्यानं सहा महिन्यांत फोन उचलणं बंद केलं. आता खोली माझ्या ताब्यात आहे. नवीन मुली म्हणतात मॅडम फार कडक, आत बोलू देत नाहीत. हे ऐकलं की कानशिलं तापतात.

गेल्या महिन्यात नायट्रोजनची टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची होती. तळाशी एक कुपी सापडली. दांडीवरून निसटून कधीतरी खाली पडलेली. झाकणावर आप्पांचा लाल ठिपका आणि मी नोकरीला लागायच्या आधीची तारीख. टाकी आटली तेव्हा तळाला थोडा गारवा राहिला असावा, दुसरं काही कारण मला सुचत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. सीरम पिशवीत भरून दोन दिवस बादलीत सोडलं. कुपी कोमट पाण्यात धरली. दहा दिवस त्या पेशींसमोर मी श्वाससुद्धा जपून घेतला. मग खुणेचं थायमिडीन घातलं, रंग केला, बघितलं. ठिपका एक नाही. आणि वाढत्या पेशी सगळ्या हिरव्यागार. दार शाबूत, लोढणं शाबूत. आप्पांची मेंढरं जिवंत होती.

फोटो छापून घेतला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दौंडला गेले.

आप्पा ओट्यावर बसले होते. वाळलेत, पण आवाज तोच. "ये न्हावरं," म्हणाले. जणू मी कालच एसटीतून उतरले होते. आप्पांच्या बायकोनं, आजींनी, चहा आणला. मी फोटो पुढं केला. त्यांनी चष्मा लावला, फोटो उन्हात धरला, बराच वेळ बघितला. एकेक पेशी मोजत असल्यासारखा अंगठा कागदावरून फिरवला.

"माझ्याच हायत्या," म्हणाले.

मग मी सगळं बोलले. सुट्टीतले फोन, हनुवटीखालचा मास्क, शब्द देऊन मोडलेला, ऑफिसातलं ते वाक्य. रडले नाही. रडले असते तर ते सोपं झालं असतं. "आप्पा, चूक माझी होती. तुमची माफी मागायला आले," म्हणाले.

आप्पांनी चष्मा काढला. "हे हापिसात सांगितलं?"

मी चहाचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"पुन्याला सांगितलं? केंदूरला सांगितलं? तिथं माझ्या नावावर काय हाय अजून?"

"तंबाखू," मी म्हणाले.

"म्हंजी हितंच सांगायला आलीस. ओट्यावर. जिथं मला आधीच ठावं हाय."

त्यांनी फोटो घडी न घालता खिशात सरकवला. मग चहाच्या ग्लासातला चमचा काढला आणि ग्लासच्या काठावर वाजवला. एक. मी त्यांच्याकडे बघितलं. दोन. मला वाटलं, झाकण लाव म्हणतायत, झालं गेलं मिटव म्हणतायत. माझा जीव भांड्यात पडला होता.

मग तिसरा वाजला.

मी उठले. आजी म्हणाल्या, चहा तरी घे. आप्पा रस्त्याकडे बघत होते. तोंड बंद.

संतापानं कान गरम झाले होते. एवढं सगळं सांगितलं, पेशी जिवंत करून आणल्या, आणि हा म्हातारा मला बाहेर काढतो. परतीच्या एसटीत न्हावरं येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि प्रत्येक भांडणात तेच जिंकत होते. न्हावऱ्याला गाडी थांबली. कंडक्टरनं माझ्याकडे बघून दोरी धरली. रजेचा दिवस, घर दोनशे पावलांवर.

"उतरायचं न्हाई का?"

"शिरूर द्या," मी म्हणाले, आणि वरच्या तिकिटासाठी पर्स उघडली. साहेब सहापर्यंत ऑफिसात असतात.